हिरॉईनच्या आईचं वैर

कळंब्यात कुणालाही तानाबाईचं घर विचारा. तिच्याशी वाकडं घेऊ नका हे तो आधी सांगेल आणि रस्ता नंतर दाखवेल. एकदा शेजारणीनं तिच्या म्हशीला भाकड म्हटलं. म्हैस काही भाकड नव्हती, जरा उशीर झाला होता इतकंच. पुढच्या सहा वर्षांत ती चार वेळा व्याली आणि चारही वेळा तानाबाईनं सगळ्या गल्लीत खरवस वाटला, तेवढं एक दार बरोबर सोडून. तिसऱ्या खेपेला शेजारीण स्वतःच वाटी घेऊन आली, तर तानाबाई म्हणाली, भाकड म्हशीचा खरवस तुम्हाला कसा पचणार, पोट बिघडंल. आणि वाटी तशीच रिकामी परत पाठवली.

आता म्हशीसाठी जी बाई सहा वर्षं अशी वागते, ती पोटच्या पोरीसाठी काय करेल?

तिची पोर म्हणजे राजनंदिनी. आज तिचं तोंड बसच्या पाठीवर असतं, कॅलेंडरवर असतं, साडीच्या दुकानाच्या पाटीवर असतं. मराठी सिनेमाची हिरॉईन आहे ती, आणि नुसती नावाची नव्हे. तिचा सिनेमा लागला की कोल्हापुरात पहिल्या दिवशी तिकीट मिळत नाही. लोक म्हणतात, पोरीनं नशीब काढलं. नशीब काढलं खरं, पण त्या नशिबाच्या मागं तानाबाईनं नऊ वर्षं एक वैर जपलं होतं. पोटच्या पोरीइतकंच जपलं होतं म्हणा. ते वैर गुरुप्रसाद नावाच्या दिग्दर्शकाशी होतं. त्याचं नाव ती घ्यायची नाही, ‘त्यो’ म्हणायची, आणि घरात ‘त्यो’ म्हटलं की कोण ते सगळ्यांना कळायचं.

मुळात भानगड आवाजाची. तानाबाईचा आवाज हा असा की तिनं गोठ्यातून हाक मारली की तलावाच्या पलीकडचा माणूस वळून बघतो. लग्न होऊन आली तेव्हा सासू म्हणायची, बाईच्या जातीला एवढा गळा शोभत न्हाय. नवरा गुंडू गरीब माणूस, तो काही म्हणायचा नाही, पण पाहुणे आले की हातानंच ‘हळू, हळू’ अशी खूण करायचा. जन्मभर तिला लोकांनी हळू बोलायला सांगितलं आणि जन्मभर ती ठणकावूनच बोलली. डेअरीत दुधाला फॅट कमी लावली की तिथल्या माणसाला ती जे काही सुनवायची, ते ऐकायला रांगेतली मागची माणसं पुढं यायची.

राजनंदिनीनं हेच सोंग कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये केलं. आईचं लुगडं नेसली, हातात किटली घेतली आणि डेअरीवाल्याशी दहा मिनिटं अशी भांडली की हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. पाहुणा म्हणून गुरुप्रसाद बसला होता. राजारामपुरीतल्या प्राध्यापकाचा मुलगा, मुंबईत कुणाकुणाच्या हाताखाली चपला झिजवून आलेला आणि पहिल्या सिनेमाची जुळवाजुळव करत असलेला. चार दिवसांत तो कळंब्याला हजर झाला. गोठ्यासमोरच्या बाजल्यावर बसला, चहा प्याला आणि पोरगी सिनेमात द्या म्हणाला.

गुंडूनं सरळ नाही म्हणून टाकलं. भावकी काय म्हणंल, पोरीचं लग्न कसं व्हायचं, आमच्यात असलं चालत न्हाय, हे सगळं तो बोलला. तानाबाई खांबाला टेकून ऐकत होती. तिनं एकच विचारलं.

“पोरीला बोलाय हाय का नुसतं नटून हुबं ऱ्हायाचं?”

“आई, तिच्या बोलण्यासाठीच तर आलोय,” गुरुप्रसाद म्हणाला. “चेहरे पन्नास मिळतील. हा आवाज मला दुसरीकडं मिळणार नाही.”

झालं. त्या एका वाक्यावर तानाबाईनं पोरगी दिली. जो गळा सासूनं हिणवला, भावकीनं हिणवला, तोच मागायला शिकलेला माणूस दारात आला होता, आणि त्या दिवशी तिची छाती एवढी फुगली की गुंडूचं कुणी ऐकलंच नाही.

शूटिंग पन्हाळ्याच्या बाजूला एका गावात होतं, महिनाभर आणि वर पाच-सहा दिवस. रोज सकाळची धार काढून, दूध घालून, भाकऱ्या बांधून तानाबाई एस.टी.नं तिथं पोचायची. पोरीला एकटी सोडायची नाही हे एक आणि दुसरं म्हणजे तिला स्वतःलाही शूटिंग बघायचं होतं. गुरुप्रसाद तिच्याच डब्यातली भाकरी खायचा, खर्डा पुन्हा मागून घ्यायचा. युनिटमधल्या मुंबई-पुण्याच्या दोन-चार मुली मात्र राजनंदिनी बोलायला लागली की एकमेकींकडं बघायच्या. आमच्याकडच्या बायका बोलताना ‘मी येतो, मी जातो’च म्हणतात, त्याचं त्या मुलींना फार हसू यायचं. तानाबाईला त्याचं काही वाटलं नाही. हसतात तर हसू देत, दात त्यांचे हाईत, म्हणाली. पण शेवटच्या आठवड्यात पोरगी तिला म्हणायला लागली, मम्मी, इथं हळू बोल की. तानाबाईला वाटलं, ती आवाज टिपायची यंत्रं चालू असतील. तिनं तोंडाला पदर लावला. आयुष्यात पहिल्यांदा ती हळू बोलली, ती पोरीच्या कामासाठी.

आता सिनेमावाल्यांची एक रीत असते. शूटिंगला बोललेलं तसंच ठेवत नाहीत, पुढं स्टुडिओत जाऊन पडद्याकडं बघत तेच पुन्हा बोलतात. त्याला डबिंग म्हणतात. तानाबाईला हे काही ठाऊक नव्हतं. पोरगी दोन दिवस मुंबईला जाऊन आली तेव्हा आई म्हणाली, राहिलेलं काम असंल.

सिनेमा लागला. रविवारचा दुपारचा खेळ, कोल्हापुरातलं थिएटर, आणि कळंब्याहून तीन टेम्पो भरून माणसं. शेजारीणसुद्धा आली होती, भाकडवाली. तानाबाई जरीचं लुगडं नेसून मधल्या रांगेत बसली. राजनंदिनी पडद्यावर आली तशा शिट्ट्या पडल्या, गुंडूच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिनं तोंड उघडलं.

आणि भलतीच बाई बोलली. नाजूक, गुळगुळीत, पुस्तकातल्यासारखी. ओठ राजनंदिनीचे आणि आतून ही कुणीतरी पुण्याची. क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून एकजण हसला, मग तीन टेम्पो हसले. “अगं तानाक्का, पोरगी बदलली व्हय तुजी?” कुणीतरी ओरडलं, ती शेजारीणच असावी. तानाबाई उभी राहिली आणि त्या काळोखात, आपल्या त्या गळ्यानं, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं म्हणाली, “ह्यो आवाज माज्या पोरीचा न्हाय.” पडदा चालूच राहिला. गुंडूनं तिला हाताला धरून खाली बसवलं.

खेळ सुटल्यावर तिनं गुरुप्रसादला पायरीवरच गाठलं. हार घातलेला होता त्याच्या गळ्यात. ती काय काय बोलली ते लिहिण्याजोगं नाही. दारात येऊन आवाज मागितलास आणि गळा कापून नेलास, हे त्यातलं सौम्य. राजनंदिनी बाजूला मान खाली घालून उभी होती, रडत होती. गुरुप्रसादनं तिच्याकडं एकदा बघितलं, गळ्यातला हार काढला आणि म्हणाला, “आई, चूक माझी आहे.”

बास, गुन्हा कबूल. तानाबाईनं तिथंच पायरीवर ठरवलं, ह्याला सोडायचं नाही.

पहिलं गाऱ्हाणं देवाकडं. पौर्णिमेला ती नृसिंहवाडीला गेली, पायऱ्या उतरून नदीत तीन बुड्या मारल्या आणि दत्ताच्या पादुकांपुढं हात जोडून त्या माणसाचं वाटोळं मागितलं, तेवढं एकदाच अगदी नावानिशी. गुंडू बरोबर होता, तो ऐकून गारच पडला. देवापाशी असलं मागत्यात व्हय, म्हणाला. मग कुणापाशी मागू, पंचायतीत? असं तिनं त्यालाच विचारलं.

पण नुसत्या देवावर सोडून गप्प बसणारी बाई ती नव्हे. वर्षभरानं दुसऱ्याच एका कंपनीला जत्रेच्या सीनसाठी चाळीस बायका पाहिजे होत्या. सिनेमावाले गर्दीला ‘मॉब’ म्हणतात. राजनंदिनीची आई म्हणून कुणीतरी तानाबाईला विचारलं. तिनं दोन दिवसांत चाळीसच्या जागी साठ आणल्या, सगळ्या बरोबर नेसलेल्या, सगळ्या वेळेवर. तिथं तिला गोम कळली. सिनेमात हिरॉईन एक असते, पण जत्रा, लग्न, मोर्चा, मयत, काहीही दाखवायचं तर बायका लागतात, आणि बायका काय झाडाला लागत नाहीत. दोन-तीन वर्षांत अशी गत झाली की कळंब्यापासून पन्हाळ्यापर्यंत कुठंही शूटिंग असू दे, बायका हव्यात तर तानाक्काला फोन लावायचा. तिचे कायदे कडक. आधी नाष्टा, मग साडी. उन्हात उभं करायचं तर पाणी. आणि संध्याकाळच्या धारेच्या आत प्रत्येक बाई आपल्या गोठ्यात पोचली पाहिजे, मग तुमचा सूर्यास्त राहू दे अर्धा. धोंडुबाई नावाची तिची मैत्रीण बायकांची यादी सांभाळायची, आणि त्या यादीच्या वर पहिला कायदा होता, त्याच्या सिनेमात एक बाई जायची नाही.

गुरुप्रसादनं दुसरा सिनेमा काढला तेव्हा त्याला ह्या भागात एक बाई मिळाली नाही. पैसे वाढवले, नाही. देवळाला देणगी देतो म्हणाला, नाही. शेवटी लांबच्या जिल्ह्यातून बसा भरून बायका आणल्या त्यानं. सिनेमा लागला तेव्हा कोल्हापूरचं पब्लिक पडद्याकडं बघून म्हणालं, ह्या कुठल्या बाया, ह्यांचं नेसणं वेगळं, हसणं वेगळं, ही आमची जत्रा न्हवं. सिनेमा दुसऱ्या आठवड्यात झोपला. तानाबाईनं दोन किलो पेढे आणले आणि दारोदार वाटले. शेजारणीलाही दिला, एवढी ती खूष होती. तिसऱ्या सिनेमालाही तेच झालं. मग चार-पाच वर्षं गुरुप्रसाद जाहिराती आणि कुणाकुणाच्या लग्नाचे सिनेमे काढत होता असं कानावर आलं, आणि ते ऐकलं की तानाबाईला त्या दिवशी दोन घास जास्त जायचे.

तिकडं राजनंदिनी वर चढत होती. आधी एका मालिकेत धाकटी बहीण झाली, तिला सहा महिन्यांत अपघातात मारलं. मग दोन सिनेमांत हिरोची मेव्हणी. मुंबईत ती एका खोलीत तिघींबरोबर राहायची, ऑडिशनला पायी जायची, आणि फोनवर तिचं बोलणं दर महिन्याला जरा जरा बदलत गेलं. आधी ‘हाय’चं ‘आहे’ झालं, मग ‘व्हय’ गेलं, मग ‘मी येतो’ गेलं. तानाबाई फोन ठेवून म्हणायची, बघा, त्या मुडद्यानं पोरीला असा धसका दिला की तिनं बोलणंच टाकलं. तो हिशोबसुद्धा तिनं त्याच्याच नावावर मांडला.

मग आला तो ऊसतोडणीचा सिनेमा. राजनंदिनी टोळीची मुकादमीण, कोयता हातात, आणि दिग्दर्शक नव्या दमाचा, त्यानं सांगितलं की मला तुझी गावाकडची बोली पाहिजे, शूटिंगला बोलशील तोच आवाज राहणार. राजनंदिनीनं आईचा गळा काढला. जसाच्या तसा. कारखान्याच्या गेटवर ती जी गरजली, ते वाक्य महाराष्ट्रातल्या पोरांनी मोबाईलवर वाजवून वाजवून घासून टाकलं. बक्षिसं मिळाली, मुलाखती झाल्या. माझी बोली हीच माझी ताकद आहे, असं ती टीव्हीवर म्हणाली, अगदी शुद्ध भाषेत. तानाबाई त्या सिनेमाला अकरा वेळा गेली. दर वेळी त्या गेटच्या सीनला ती शेजारच्या खुर्चीवरच्या अनोळखी माणसाला सांगायची, “पावणं, ह्यो आवाज आमच्या घरातला हाय.” आणि मनात म्हणायची, बघ रे भाड्या, काय टाकून दिलंस ते.

एवढं झाल्यावर वैर निवायला पाहिजे होतं की नाही? छे. पोरगी मोठी झाली तसं वैरही मोठं झालं. त्यो अजून माझ्यासमोर, चार माणसांत, वाकलेला न्हाय, असं ती धोंडुबाईला म्हणायची.

तो योग पोरीनंच आणला. गेल्या वर्षी राजनंदिनीचा फोन आला, की ती गुरुप्रसाद सरांचा सिनेमा करतेय. बायका दारूचं दुकान बंद पाडतात अशी गोष्ट, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात शूटिंग, आणि शेवटच्या सीनला दोनशे बायका पाहिजेत. झालं गेलं सोड मम्मी, म्हणाली, माणूस चांगला आहे. तानाबाईनं हातातली दुधाची किटली खाली ठेवली. मग म्हणाली, “दिल्या. दोनशे दिल्या.” राजनंदिनीला एवढं सोपं जाईल असं वाटलं नव्हतं. ती खूष झाली. आईला ओळखत असती तर घाबरली असती.

गुरुप्रसाद स्वतः कळंब्याला आला, त्याच बाजल्यावर बसला. केस पिकले होते. तानाबाईनं चहा दिला आणि विचारून घेतलं, बायकांनी करायचं काय. तर राजनंदिनी दुकानासमोर उभी राहून घोषणा देणार आणि दोनशे बायकांनी एका आवाजात जबाब द्यायचा, आणि तो आवाज तिथंच टिपणार, मागून काही भरायचं नाही, कारण तो सीन म्हणजे सिनेमाचा जीव आहे. बायकांच्या आवाजावर सगळं आहे आई, असं तो म्हणाला. तानाबाई म्हणाली, व्हय, आवाजावरच हाय. तो गेल्यावर तिनं धोंडुबाईला बोलावून घेतलं.

पुढचे आठ दिवस काय मजा चालली होती म्हणता! डेअरीच्या रांगेत, पाणवठ्यावर, बचत गटाच्या बैठकीत बायका एकमेकींना बोटानं तोंड मिटून दाखवायच्या आणि हसायच्या. एकीचा नवरा हे काय चाललंय म्हणून विचारायला लागला, तर तिनं त्यालाही तोंड मिटूनच दाखवलं. दोनशे बायकांच्या पोटात एक गोष्ट आठ दिवस राहिली, ह्याला तानाबाईचा दरारा म्हणतात.

शूटिंगचा दिवस उजाडला. नाष्टा झाला, साड्या झाल्या, दहाच्या सुमाराला सगळ्या दुकानासमोर उभ्या राहिल्या. तीन कॅमेरे, वरून फिरणारा एक ड्रोन, काठीला लावलेले केसाळ माईक. राजनंदिनी नऊवारी खोचून पुढं आली. क्लॅप वाजली. तिनं हात वर करून घोषणा दिली, आणि खरंच सांगायचं तर अंगावर काटा आला.

जबाब आला नाही.

दोनशे बायका तिच्याकडं बघत, ओठ मिटून उभ्या. गुरुप्रसादला वाटलं समजलं नसेल. पुन्हा समजावलं, पुन्हा क्लॅप, पुन्हा घोषणा. कावळा ओरडला तेवढा. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा राजनंदिनीचा गळा बसायला आला. ऊन चढलं. तेव्हा गुरुप्रसाद माईक ठेवून चालत तानाबाईपुढं आला आणि सगळ्या युनिटसमोर त्यानं हात जोडले. काय चुकलं आई, म्हणाला.

ह्या घडीसाठी बाई नऊ वर्षं जगली होती. तिनं पदर खोचला आणि तिचा तो गळा पन्हाळ्याच्या तटापर्यंत गेला असेल.

“काय न्हाय चुकलं. आमची थोबाडं काढा की तुमी, लागंल तेवढी काढा. आवाज पुण्यास्नं आणा. तुमची रीतच हाय ती.”

आणि दोनशे बायका हसल्या. जे तोंड मिटून ठेवलं होतं ते सगळं एकदम सुटलं. माईकवाल्यानं कानावरचे हेडफोन काढून टाकले. गुरुप्रसाद तसाच उभा, हात जोडलेले, मान खाली. तानाबाईच्या अंगात असं काही ऊन ऊन पसरलं की तिला वाटलं, आत्ता मरण आलं तरी चालंल. तिनं त्याच्या तोंडाकडं निरखून बघितलं. त्यानं मान वर केली होती, पण तो बघत होता ते तिच्याकडं नाही, तिच्या मागं, राजनंदिनीकडं. थिएटरच्या पायरीवर बघितलं होतं तसंच.

राजनंदिनी आली, आईचा दंड धरला आणि तिला गावातल्या शाळेच्या मागं नेलं. तिथं कुणी नव्हतं. पोरीच्या तोंडावरचा मेकअप घामानं ओघळला होता. तानाबाई म्हणाली, तू मधी पडू नको, ह्यो माजा आन् त्याचा सवाल हाय.

“त्यांचा काय संबंध न्हाय त्यात, मम्मी,” राजनंदिनी म्हणाली. कित्येक वर्षांनी ती घरच्यासारखी बोलत होती. “डबिंगला मी गेलतो. बोललो बी. ऐकलं आन् मीच म्हटलं, दुसरीचा आवाज घाला. त्यांनी मला तीनदा इचारलं. ते नको नको म्हणत हुते. मी रडलो, पाया पडलो, तवा त्यांनी ऐकलं.”

“का?”

पोरगी पदरानं ओघळलेला मेकअप पुसायला लागली. तानाबाईनं पुन्हा विचारलं.

“तूच बोलायलीस असं वाटायचं,” ती म्हणाली. “पडद्यावर मी आन् आतनं तू. त्या पोरी तुला हसायच्या. मला लाज वाटली.”

शाळेच्या भिंतीवर कुणीतरी पाढे रंगवले होते. तानाबाई त्या पाढ्यांकडं बघत राहिली. नऊ वर्षं तिनं ज्याला शिव्या दिल्या, ज्याचं वाटोळं देवाकडं मागितलं, ज्याच्या पडलेल्या सिनेमांवर पेढे वाटले, त्यानं तिचा आवाज टाकलाच नव्हता. टाकणारी तिच्या पोटची होती. आणि टाकलेला तोच गळा पुढं लागला तेव्हा उचलला, त्यावर बक्षिसं घेतली, आणि तेव्हाही आईला खरं सांगितलं नाही. तिला सासू आठवली. सासू निदान तोंडावर बोलायची.

ती परत आली ती सरळ गुरुप्रसादकडं. त्याला म्हणाली, तुमी का बोलला न्हाईसा एवढी वर्षं? माझ्यापायी तुमचं आयुष्य गेलं की. तो म्हणाला, वीस-एकवीसची होती ती, आई, आणि तुम्ही तिथं पायरीवर, सगळ्या गावासमोर. माझ्यावर आलं तर येऊ दे म्हटलं. एक दिवसाचा तमाशा असेल असं वाटलं होतं मला. तानाबाईला त्याची माफी मागायची होती. पण तिला ते येत नव्हतं, तिनं कधी केलंच नव्हतं. ती धोंडुबाईकडं वळली आणि म्हणाली, “बोला गं. माणूस खरा हाय, त्याचं काम करा.”

बायका बोलल्या. एकाच दमात सीन झाला. त्या दोनशे बायकांच्या आवाजानं, सिनेमा लागला तेव्हा, थिएटरातली माणसं खुर्च्यांवर उभी राहिली, आणि गुरुप्रसाद पुन्हा नावारूपाला आला. ज्यांनी त्या दिवशी तो जबाब ऐकला ते सांगतात, की त्यात तानाक्काचा गळा नव्हता. ती कडेला उभी होती, तोंड मिटून.

त्यानंतर राजनंदिनी फोन करायची, आठवड्यातून तीनदा. तानाबाई फोन उचलायची. जेवलीस का, तब्येत बरी हाय का, एवढं विचारायची, आणि ते इतक्या हळू आवाजात की गुंडू गोठ्यातून येऊन बघायचा, बाईला बरं आहे ना. मम्मी, शिव्या दे, भांड, पण अशी बोलू नको, असं पोरगी फोनवर रडून म्हणायची. तानाबाई म्हणायची, मी कुठं काय बोलतो. वैर धरायचं तर तिला एकच रीत माहीत होती, आणि ती माणूस बघून बदलत नव्हती.

यंदा सिनेमाला मोठं बक्षीस मिळालं आणि कोल्हापूरनं राजनंदिनीचा सत्कार ठेवला. हॉल खचाखच, बाहेर पडद्यावर बघणारे वेगळे. दोनशे बायकांना पुढच्या रांगा, गुंडूला नवा फेटा, तानाबाईला स्टेजवर पोरीच्या शेजारची खुर्ची. राजनंदिनी बोलायला उभी राहिली. ती छान बोलली. सगळ्यांचे आभार मानले, गुरुप्रसाद सरांचे मानले, आणि मग आईकडं वळून तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, “आज मी जी काही आहे ती ह्या आवाजामुळं आहे, आणि हा आवाज माझ्या आईचा आहे.” हॉल उठून उभा राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं, तानाबाईला कळत होतं ते. टाळ्या थांबेनात. आई बोला, तानाक्का बोला, असा गलका झाला. सूत्रसंचालकानं माईक आणून तिच्या हातात दिला.

तानाबाई उठली. तिनं माईक तोंडाजवळ नेला, पोरीकडं बघितलं, अगदी शांतपणं, आणि हळू आवाजात म्हणाली,

“माज्या जागी दुसरी कुणीतरी बोलू दे. पोरीला चालतंय ते.”

लोकांना वाटलं बाई लाजली. ते कौतुकानं हसले, टाळ्या वाजवल्या. एकटी राजनंदिनी खाली बसली. तानाबाईनं वाकून माईक पुढच्या रांगेतल्या धोंडुबाईच्या हातात दिला आणि धारेची वेळ झाली म्हणून ती स्टेजच्या पायऱ्या उतरून निघून गेली.